मुलाचे गाणे, घरच्या मोतीचे: सोलापूरच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातील पाळीव प्राण्यावर आपल्या मुलासाठी खास गाणे करून घ्यावे, किंवा स्वतःच रचावे, असे ज्या पालकांच्या मनात येते, त्यांच्याकडून तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. मी शब्द आणि चाल करते; पेटी, ढोलकी आणि आवश्यक तेथे तबला, एवढ्यावर आमचे काम चालते. खालील उत्तरे त्या अनुभवातून लिहिली आहेत आणि ज्यांना गाणे घरीच करावयाचे आहे त्यांनाही ती उपयोगी पडावीत.

तयार बालगीतात आमच्या मांजरीचे नाव घालून दिले तर चालणार नाही का?

चालते, परंतु ते गाणे आपल्या मुलाचे होत नाही, आणि हे सर्वांत आधी मुलाच्याच लक्षात येते. सुरुवातीच्या काळात एका घराकडून मी केवळ मांजरीचे नाव आणि एक छायाचित्र घेतले, आणि त्यावरून कापसासारखी पांढरी, मऊ, दूध पिणारी अशी कोणत्याही मांजरीला लागू पडेल अशी चार कडवी लिहून दिली. आईला गाणे फार आवडले. चार वर्षांच्या मुलीने मात्र दुसऱ्या ओळीलाच हात वर करून सांगितले की ही आमची मनी नाही, कारण आमच्या मनीच्या कानाचा तुकडा गेलेला आहे आणि तिला दूध आवडत नाही. छायाचित्रात तो कान पलीकडच्या बाजूला होता. मी गाणे परत घेतले. तेव्हापासून मी छायाचित्र सर्वांत शेवटी पाहते आणि मुलाशी सर्वांत आधी बोलते.

मुलाला नेमके काय विचारावे?

“तुझा मोती कसा आहे?” असे विचारल्यास “छान” एवढेच उत्तर येते, आणि त्या “छान”मधून गाणे निघत नाही. त्याऐवजी तो कोणाला घाबरतो, कोणाच्या चपला पळवतो, दुपारी कोठे झोपतो, रागावला की काय करतो, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम चालू असते त्या रात्री कोठे लपतो, असे प्रसंगाचे प्रश्न विचारावेत. मूल सांगू लागले की मध्ये दुरुस्ती करू नये. मोठ्यांना जी माहिती महत्त्वाची वाटते, म्हणजे जात, किंमत, वय, लसीकरण, तिचा गाण्याला फारसा उपयोग नसतो.

एका सहा वर्षांच्या मुलाने मला सांगितले की आमच्या मोतीला वार कळतात. विचारल्यावर समजले की त्या घरी अंघोळीच्या पाण्यासाठी बंब फक्त रविवारी पेटवतात, आणि त्याच दिवशी आजी कुत्र्यालाही धुऊन काढते. गाण्याच्या पहिल्या चार ओळी त्या मुलाने जवळजवळ आयत्याच दिल्या होत्या:

मोती माझा दारी निजतो,
आजी येता लपून बसतो,
बंब पेटला, कळले त्याला,
आज रविवार आहे आला!

आमच्या कुत्र्याचे नाव चालीत बसेल का?

बहुतेक नावे बसतात, पण बसतात कशी हे समजून घेण्यासारखे आहे. वरील प्रत्येक ओळ सोळा मात्रांची, म्हणजे आठ अधिक आठ अशी आहे. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घ किंवा अनुस्वार असलेल्या अक्षराची दोन, असा हिशेब धरला की कोणालाही बोटांवर मोजून पाहता येते. मोती, राजा, शेरू, टॉमी, वाघ्या, ब्रूनो, सिंबा ही सगळी चार मात्रांची नावे असल्यामुळे आठ मात्रांच्या अर्ध्या ओळीत ती अगदी निम्मी जागा घेतात आणि कोठेही उचलून ठेवता येतात. वाघ्या हे नाव आपल्याकडे खंडोबामुळे आले, आणि बाळे येथील खंडोबाच्या यात्रेला नेमाने जाणाऱ्या घरांत ते अजूनही हौसेने ठेवतात. मनी हे नाव तीनच मात्रांचे असल्याने एक मात्रा उरते; तेथे “मनी ग” असे काहीतरी जोडून घ्यावे लागते, आणि सुदैवाने मुले घरी तशीच हाक मारत असतात.

अडचण येते ती टायगरसारख्या नावांची. लिहिताना त्याच्या पाच मात्रा होतात, परंतु बोलताना आपण “टाय्-गर्” असे दोन ठोक्यांतच म्हणतो. अशा ठिकाणी लेखी हिशेब बाजूला ठेवून कानाचे ऐकावे, असे माझे मत आहे. मूल हाक मारते तसेच नाव गाण्यात यावयास हवे. मात्रा जुळवण्यासाठी टायगरचे “टायगरा” करणे मला पटत नाही, कारण त्या नावाला कुत्रा ओ देत नाही.

आमच्या घरी मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूही बोलतात. गाणे कोणत्या भाषेत करावे?

हा प्रश्न सोलापुरात जितका येतो तितका अन्यत्र क्वचितच येत असेल. पूर्व भागातील पद्मशाली कुटुंबांत आजी तेलुगू बोलते आणि नात मराठी शाळेत जाते. अक्कलकोट रस्त्याकडील अनेक घरांत कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. आणि शेजारी दखनी बोलणारे असले तर मुलाच्या कानावर चौथी भाषाही असतेच. अशा घरात गाण्याचा सांगाडा मराठी ठेवावा, आणि प्राण्याशी ज्या भाषेत बोलले जाते ते शब्द जसेच्या तसे त्यात येऊ द्यावेत, हा मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो. मांजरीला आजी “पिल्ली” म्हणत असेल तर ते तेलुगूत मांजरीचेच नाव आहे, आणि मराठी कानाला ते “पिल्लू”च्या इतके जवळ आहे की दोन्ही शब्द एका कडव्यात यमकासारखे खेळवता येतात. कन्नडमधील “मरी” या शब्दाबाबत मात्र जपावे. कन्नडमध्ये त्याचा अर्थ पिल्लू असा होतो आणि “नायीमरी” म्हणजे कुत्र्याचे गोजिरवाणे पिल्लू, पण मराठीत मरी म्हणजे साथीचा रोग. कन्नड आजोबांनी कौतुकाने सुचवलेला हा शब्द ऐकून मराठी आजी दचकल्याचे मी पाहिले आहे.

एक योगायोग मात्र मला फार आवडतो. जवळ बोलावण्यासाठी मराठीत “ये”, कन्नडमध्ये “बा”, तेलुगूत “रा” आणि दखनीत “आ” असे म्हणतात. चारही शब्द एकाक्षरी, चारही दीर्घ. “ये, बा, रा, आ” एवढे म्हटले की नेमक्या आठ मात्रा होतात, म्हणजे अर्धी ओळ आयती तयार होते. चार भाषांत बोलावणे कळणारे कुत्रे या शहरात काही दुर्मीळ नाहीत.

कोणत्या वयाच्या मुलासाठी गाणे कसे असावे?

दोन-अडीच वर्षांच्या मुलासाठी नाव, आवाज आणि एखादी हालचाल एवढेच पुरते. गाणे मिनिटभराचे असावे आणि एकच ओळ वारंवार यावी. चार ते सात या वयात गोष्ट हवी असते, म्हणजे काहीतरी हरवावे, कोणीतरी लपावे, शेवटी सापडावे. आठ वर्षांपुढील मुलाला आपल्यासाठी बडबडगीत केले हे अपमानास्पद वाटू शकते. अशा मुलाला शब्द रचण्यात सहभागी करून घ्यावे, किंबहुना त्यालाच बहुतेक रचू द्यावे.

चाल आणि स्वर कसे ठरवता?

लहान मुलांच्या गळ्याची झेप थोडी असते. षड्जापासून (सा) पंचमापर्यंतच्या (प) पाच स्वरांत, फार तर धैवतापर्यंत (ध), चाल राहिली तर पाच वर्षांचे मूल ती न ओरडता म्हणू शकते. पेटीच्या पांढरी दोन या पट्टीच्या आसपास सुरुवात करून मुलाला म्हणावयास लावावे आणि तेथून वर किंवा खाली सरकावे. याच स्वरात बाबांना एक सप्तक खाली सहज गाता येते, त्यामुळे घरातील सगळे एकत्र म्हणू शकतात. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या प्राण्याला आठ मात्रांचा केरवा ताल शोभतो. झोपाळू मांजरीला सहा मात्रांचा दादरा द्यावा, म्हणजे तेच गाणे रात्री अंगाईसारखे वापरता येते. गायक मंडळींना चालीत हरकती, म्हणजे स्वरांची नाजूक वळणे, घालण्याचा मोह होतो. बालगीतात तो आवरावा, कारण जी जागा मुलाला घेता येत नाही तेथे मूल गाणे सोडून देते.

आमच्याकडे कुत्रा-मांजर नाही, म्हैस आहे. तिच्यावर गाणे होते का?

अवश्य होते, आणि मला अशी गाणी करावयास अधिक आवडतात. पंढरपुरी म्हशीची तलवारीसारखी मागे खांद्यापलीकडे गेलेली लांब शिंगे, खिलार खोंडाचा ताठा, उस्मानाबादी शेळीच्या करडांची धडपड, या गोष्टी शहरातील कुत्र्या-मांजरांच्या गाण्यात कोठून येणार? सांगोला-मंगळवेढ्याकडील घरांसाठी बैलावरील गाणे बेंदराच्या किंवा पोळ्याच्या आधी तयार करावे, म्हणजे सणाला ते बैलासमोरच म्हणता येते. प्राणी पुढे विकला जाणार असेल तर मात्र गाणे करण्यापूर्वी पालकांनी विचार करावा. करडावर गाणे झाले की मूल ते करडू विकू देत नाही, असा अनुभव आहे.

पिंजऱ्यातील पोपटावर गाणे हवे आहे.

आपल्याकडे झाडांवर दिसणारा हिरवा पोपट पिंजऱ्यात पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेल्या कासवालाही हा कायदा लागू आहे. पुष्कळ घरांना हे ठाऊक नसते, म्हणून रागावून नव्हे तर माहिती म्हणून सांगते. बजरीगरसारखे परदेशी मूळ असलेले पाळीव पक्षी वेगळे. गच्चीवर शेंगदाणे खावयास येणाऱ्या मोकळ्या राघूवर मी आनंदाने गाणे करते, आणि त्या गाण्यात “तो आज आला नाही, उद्या येईल का?” अशी एक वाट पाहण्याची जागा मिळते, जी पिंजऱ्यातील पोपटाच्या गाण्यात येत नाही.

घरीच ध्वनिमुद्रण करता येईल का?

साध्या मोबाइलवरही चांगले होते, मात्र खोली नीट निवडावी. रिकाम्या फरशीच्या खोलीत आवाज घुमतो, आणि त्यावरचा उपाय सोलापुरात प्रत्येकाच्या कपाटात असतो: दोन-तीन जाड सोलापुरी चादरी दारावर आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगाव्यात, खाली सतरंजी टाकावी, घुमारा स्पष्टपणे कमी होतो. शेजारी यंत्रमाग चालू असेल तर चादरींचा उपयोग होत नाही, कारण मागाचा खालच्या पट्टीतील धडाका कापडातून सरळ पार होतो. त्यासाठी माग बंद असण्याचा दिवसच धरावा. अशोक चौकाजवळच्या एका घरी आम्ही उलटे केले. मुलगी जन्मापासून मागाच्या ठेक्यावरच वाढलेली, मांजर टॉवेलांच्या गठ्ठ्यावर झोपणारी, म्हणून मागाचा आवाज वेगळा टिपून तोच गाण्याचा ताल केला.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो आणि पंखा बंद करावयास कोणी तयार नसते. पंख्याची घरघर गाण्यात येऊ नये म्हणून पहाटे सहा-सातची वेळ घ्यावी.

गाण्यात आमच्या प्राण्याचा खरा आवाज घालता येतो का?

येतो. भुंकणे टिपताना मोबाइल सहा-सात फूट दूर ठेवावा, अन्यथा आवाज फाटतो. मांजरीच्या घुरघुरीसाठी तो वीतभर अंतरावर न्यावा लागतो, पण ती घुरघुर सुमारे २५ ते १५० हर्ट्झ इतक्या खालच्या कंपनांची असल्याने मोबाइलच्या लहान स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येत नाही. कानाला लावायच्या हेडफोनवर ती छान ऐकू येते; पालकांची “आवाज आलाच नाही” ही तक्रार बहुधा येथूनच येते. आवाज काढावा म्हणून प्राण्याला डिवचणे, त्याचे खाणे समोर धरून अडवणे किंवा फटाका वाजवणे, यांपैकी काहीही करू नये.

भुंकण्याचा आवाज असलेले गाणे लावताच घरचा कुत्राही भुंकू लागतो आणि कधी कधी मूल झोपलेले असते. म्हणून गाण्याच्या दोन प्रती करून ठेवाव्यात, एक भुंकण्यासह आणि एक त्याविना.

आमचा कुत्रा गेल्या महिन्यात गेला. आता त्याच्यावर गाणे करणे योग्य होईल का?

मुलाला हवे असेल तर योग्य होईल. मोठ्यांना हवे आहे म्हणून घाई करू नये. साधारण पाच वर्षांखालील मुलांना मरण कायमचे असते हे उमगत नाही, त्यामुळे “तो कधी येणार?” हा प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारतात, आणि गाण्यातील एखादा शब्द त्या गोंधळात भर घालू शकतो. “तो झोपला” असे मी कधीही लिहीत नाही, कारण मग मुलाला रात्री स्वतःच्या झोपेची भीती वाटू लागते. “गावाला गेला” असे लिहिले तर मूल दारात वाट पाहत बसते. “देवाघरी गेला” ही अनेक घरांची बोली आहे आणि तिला माझी हरकत नाही, मात्र तो मेला, आता श्वास घेत नाही, परत येणार नाही, हे घरातील कोणीतरी साध्या शब्दांत आधी सांगितलेले असावे. गाण्याने ते काम करू नये.

गाण्याचे काम आठवणीचे, आणि त्यासाठी मराठीत रीतिभूतकाळासारखे दुसरे साधन नाही. बसायचा, धावायचा, चाटायचा या क्रियापदांत सवय जिवंत राहते आणि ती आता नाही हेही न बोलता कळते. वर सांगितलेल्या मोतीच्या मुलाने वर्षभराने पुन्हा निरोप पाठवला, तेव्हा त्या ओळी अशा बदलल्या:

मोती दारी निजायचा,
आजी येता लपायचा...

पूर्वी सोळा मात्रांची असलेली ओळ येथे चौदाच मात्रांची होते. शेवटच्या दोन मात्रा एखाद्या शब्दाने भरता आल्या असत्या, पण त्या मोकळ्या ठेवल्या, आणि पेटीवरही तेथे काही वाजवले नाही. बंबाचे कडवे काढावे असे आजीचे म्हणणे होते. मुलाने ते ठेवावयास लावले.

संगणकावर आपोआप गाणे तयार करणारी साधने वापरावीत का?

चाल सुचण्यासाठी वापरण्यास माझा विरोध नाही. मराठी उच्चारांबाबत मात्र त्यांच्यावर विसंबू नये. “चिमणी”तील च आणि “चमचा”तील च वेगळे, “जीव”मधील ज आणि “जाड”मधील ज वेगळे, हा भेद ही साधने अनेकदा चुकवतात. “ळ”चा “ल” झाला की काळूचा कालू होतो आणि मूल हसते. दुसरे असे की मुलाचे नाव, आवाज, छायाचित्र कोठेही चढवण्यापूर्वी पालकांनी थांबून पाहावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरते. गाण्यासाठी मुलाचे आडनाव, शाळा किंवा पत्ता लागतच नाही. कुत्र्याचे नाव पुरते.

एखाद्या प्रसिद्ध गाण्याच्या चालीवर शब्द बसवून द्याल का?

घरात गुणगुणण्यासाठी आपण काहीही करावे, पण मी तसे करून देत नाही. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ नुसार शब्द आणि चाल यांवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ओवी, पाळणा, हादग्याची गाणी, भजनाचा ठेका असे परंपरेने आलेले चालींचे भांडार मोकळे असताना दुसऱ्याच्या दारात जाण्याचे कारणही नाही. जात्यावरच्या ओवीत कुत्र्याचे वर्णन बसवून पाहावे, फार गोड बसते.

गाण्याचे हक्क कोणाकडे राहतात?

पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप मिळाले, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. लेखी करार नसेल तर शब्दांचा हक्क सर्वसाधारणपणे लिहिणाऱ्याकडे आणि चालीचा रचणाऱ्याकडेच राहतो. हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणून कोणाकडूनही गाणे करून घेताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कुटुंबाला ते कायम वापरता येईल का, समाजमाध्यमांवर टाकता येईल का, आणि रचणाऱ्याला ते नमुना म्हणून इतरांना ऐकवता येईल का. शेवटच्या प्रश्नाला “नाही” म्हणण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

किती दिवस लागतात आणि खर्च कसा येतो?

शब्द आणि चाल यांना साधारण दोन आठवडे. वाढदिवस परवावर आल्यावर येऊ नये. खर्चाचे दोन भाग असतात, एक रचनेचा आणि एक ध्वनिमुद्रणाचा, आणि स्टुडिओ तासावर पैसे घेत असल्यामुळे दुसरा भाग वाद्ये वाढली की झपाट्याने वाढतो. दोन्ही आकडे आधी लेखी घ्यावेत.

गाणे कोणत्या स्वरूपात मागावे?

वेव्ह आणि एमपीथ्री अशा दोन्ही धारिका (फाइली) मागाव्यात. दोन मिनिटांच्या गाण्याची वेव्ह धारिका साधारण २० एमबीची होते आणि चांगल्या प्रतीची एमपीथ्री तीन एमबीच्या आत राहते. ऐकण्यास दुसरी पुरते, पण पुढे कडवे बदलावयाचे झाले तर पहिलीच लागते. याशिवाय गायनाविना नुसत्या वाद्यांची एक प्रत अवश्य घ्यावी. मुले वाढतात, घरात दुसरे पिल्लू येते, आणि त्याच चालीवर मूल स्वतःच नवे शब्द रचू लागते. त्या वेळी ही प्रत हाताशी असली म्हणजे कोणाला फोन करावा लागत नाही.